फडाची नायिका : विठाबाई नारायणगावकर आणि तमाशातील स्त्री कलावंत
(प्रस्तावना)

मराठी रंगभूमीवर स्त्री कलावंत केव्हा उभी राहिली, या प्रश्नाचे उत्तर देताना नाट्येतिहासाचे अभ्यासक बहुधा १९३३ सालाकडे वळतात. कारण त्या वर्षी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणले आणि ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनी त्यातील स्त्रीभूमिका केल्या. काहीजण त्याही मागे जाऊन स्त्रियांनीच चालवलेल्या संगीत नाटक मंडळ्यांचा उल्लेख करतात आणि तो रास्तही आहे. परंतु या दोन्ही उत्तरांत एक जागा रिकामी राहते. १८७० साली संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे जन्मलेल्या पवळाबाई हिवरगावकर या पठ्ठे बापूरावांच्या फडात नाचत होत्या, गात होत्या आणि वगातील नायिका रंगवत होत्या, त्या काळात संगीत रंगभूमीवरची नायिका बहुधा पुरुषच साकारत होते. ही जागा रिकामी राहण्याचे कारण माहितीचा अभाव हे नाही. तमाशाला रंगभूमी मानायचे की नाही आणि तमाशातील स्त्रीला नटी म्हणायचे की नाही, याविषयी पांढरपेशा समाजाच्या मनात असलेला संकोच हे त्याचे खरे कारण आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या जीवनाचा आणि कारकिर्दीचा विचार करणारे प्रस्तुत पुस्तक याच रिकाम्या जागेपासून सुरू होते, आणि म्हणून विठाबाईंकडे येण्यापूर्वी ज्या कलापरंपरेने त्यांना घडवले तिचा विस्तार नव्या वाचकापुढे मांडणे आवश्यक आहे.

तमाशा हा गायन, नृत्य, वादन आणि नाट्य यांचा एकत्रित प्रयोग असून त्याचा क्रम परंपरेने ठरलेला आहे. आरंभी ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने गणेशाला आवाहन करणारा 'गण' होतो. त्यानंतर 'गौळण' येते, जिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची म्होरकी असलेली 'मावशी' यांच्यात थट्टामस्करीचा सामना रंगतो. पुढे 'बतावणी' हा विनोदी संवादांचा भाग, मग लावण्यांची 'रंगबाजी', आणि अखेरीस 'वग' म्हणजे कथानक असलेले नाटक, असा हा प्रवास रात्री उशिरा सुरू होऊन पूर्वी पहाटेपर्यंत चाले व 'मुजऱ्या'ने संपे. गाणाऱ्या शाहिराच्या ओळीचा शेवट चढ्या स्वरात उचलून धरणारे झीलकरी किंवा सुरत्ये, हजरजबाबी सोंगाड्या, ढोलकीवाला आणि नाचणारी स्त्री हे फडाचे मुख्य घटक होत. 'फड' म्हणजे अशा कलावंतांचा संच. परंतु व्यवहारात तो एक फिरता कारखानाच असतो, कारण त्यात कलावंतांच्या जोडीने तंबू उभारणारे, स्वयंपाक करणारे, गाड्या हाकणारे आणि हिशेब ठेवणारे असे अनेकजण वर्षातील कित्येक महिने एकत्र राहतात.

या कलेची पूर्वपीठिका पेशवाईच्या उत्तरकाळात स्पष्ट दिसू लागते. संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, तसेच होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ आणि प्रभाकर या शाहिरांनी लावणी आणि पोवाडा या रचनाप्रकारांना प्रौढ रूप दिले. शाहिरी परंपरेत शक्तीचे माहात्म्य सांगणारा कलगी पक्ष आणि शिवाचे श्रेष्ठत्व मांडणारा तुरा पक्ष यांच्यात कूटप्रश्नांचे सवाल-जवाब होत, आणि त्यातून तमाशाला लाभलेले वादविवादाचे कसब वगाच्या संवादांतही टिकून राहिले. त्या काळी स्त्रीवेष घेऊन नाचणारा मुलगा म्हणजे 'नाच्या पोऱ्या' हा तमाशाचा आकर्षणबिंदू असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमा-बाबू सावळजकर यांनी 'मोहना-बटाव' हा वग रचला. त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा मानला जातो आणि वगाची सुरुवात तेथून धरतात. कथानक आले, त्याबरोबर सलग भूमिका आली. आणि सलग भूमिका आल्यावर नाचण्यापलीकडे अभिनय करणाऱ्या कलावंताची गरज निर्माण झाली. पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांची जोडी या वळणावर उभी आहे. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण घर सोडून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव म्हणून प्रसिद्ध झाले, ही कथा महाराष्ट्रात वारंवार सांगितली गेली आहे. परंतु त्यांच्या 'मिठाराणी' वगाला प्रेक्षकांसमोर जिवंत करणाऱ्या पवळाबाईंचा जीवनवृत्तान्त त्या मानाने फारच थोडा नोंदवला गेला. जात ओलांडून खाली आलेल्या पुरुषाचा त्याग गौरवला गेला, आणि ज्या जातीत ही कला पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने जपली गेली त्या जातीतील स्त्रीची प्रतिभा मात्र 'सौंदर्य' या एका शब्दात गुंडाळली गेली.

तमाशाच्या दोन प्रमुख शाखांमधील भेद नव्या वाचकाने प्रथमच लक्षात घ्यावा, कारण स्त्री कलावंताचे स्थान या दोन्ही ठिकाणी वेगळे आहे. 'ढोलकी फड' हा वर वर्णिलेला, वगासह होणारा आणि गावोगावच्या यात्रांतून तंबू ठोकून फिरणारा तमाशा होय. महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा अनेक समाजांतील कलावंत त्यात एकत्र येतात. 'संगीत बारी' ही दुसरी शाखा असून तिच्यात वग नसतो. पेटी, तबला आणि ढोलकी यांच्या साथीने लहान लहान पार्ट्या आपापल्या पाळीने म्हणजे 'बारी'ने लावणी सादर करतात, आणि पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे तिच्या प्रसिद्ध केंद्रांपैकी एक आहे. २०१२ साली पद्मश्रीने सन्मानित झालेल्या यमुनाबाई वाईकर, तसेच सत्यभामाबाई पंढरपूरकर आणि गुलाबबाई संगमनेरकर यांनी बैठकीच्या लावणीला, म्हणजे बसून केवळ मुद्रा, नजर आणि हस्ताभिनय यांनी अर्थ उलगडणाऱ्या लावणीला, जी उंची दिली ती याच परिसरातील आहे. विदर्भातील 'खडी गंमत' ही आणखी एक शाखा असून तिच्यात स्त्रीभूमिका पुरुषाने करण्याची जुनी रीत दीर्घकाळ टिकून राहिली. विठाबाई ढोलकी फडाच्या कलावंत होत्या. त्यामुळे लावणीतील नृत्य, गौळणीतील चापल्य आणि वगातील प्रदीर्घ अभिनय या तिन्ही अंगांवर त्यांना हुकमत मिळवावी लागली.

विसाव्या शतकात या कलेकडे पाहण्याच्या दृष्टीत जे बदल झाले त्यांचा परिणाम प्रथम आणि सर्वाधिक स्त्री कलावंतांवर झाला. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा साचा घेऊन 'जलसा' उभा केला, पुढे भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. या जलशांनी गणाचे, बतावणीचे आणि वगाचे सामर्थ्य समाजप्रबोधनाकडे वळवले, परंतु शृंगारिक लावणी आणि नाचणारी स्त्री यांना त्यात स्थान दिले नाही. दलित स्त्रीच्या देहाचे प्रदर्शन मांडून होणारी कमाई समाजाच्या स्वाभिमानाला बाधक आहे, ही त्यामागची भूमिका समजून घेण्यासारखी होती. मात्र ज्या स्त्रियांचे पोट त्याच कलेवर अवलंबून होते त्यांच्यापुढचा पेच त्यामुळे सुटला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली आणि नंतर संहितेच्या तपासणीची अट घालून ती उठवली. अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाला राजकीय आशयाचे लोकनाट्य बनवले, वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने तो शहरी नाट्यगृहात नेला, आणि 'लोकशाहीर राम जोशी', 'सांगत्ये ऐका', 'पिंजरा' अशा चित्रपटांनी त्याला घरोघरी पोहोचवले. शहरी प्रेक्षकाने लावणी अशा रीतीने आपलीशी केली. परंतु तंबूत नाचणाऱ्या बाईविषयीचा त्याचा दुरावा तसाच राहिला.

या बाईच्या अंगी जे कसब लागते ते जवळून पाहिल्याशिवाय तिच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही. नऊवारी लुगडे घट्ट नेसून, किलोंच्या हिशेबात मोजावे लागतील इतके जड 'चाळ', म्हणजे घुंगरांच्या माळा, पायांत बांधून ती 'बोर्डा'वर, म्हणजे मंचावर येते. ढोलकीवाला तिच्या पायांकडे पाहून बोल काढतो आणि ती त्याच्या बोलांना पायांनी उत्तर देते. लय चढत जाते तेव्हा तोल, श्वास आणि स्वर या तिन्हींचा ताबा तिला एकाच वेळी राखावा लागतो, कारण नाचून संपल्यावर दम खायला वेळ नसतो आणि पुढची ओळ तिलाच गायची असते. वगात तर याहून वेगळी कसोटी लागते. फडात वगाची छापील संहिता पाठ करण्याची रीत क्वचितच असे. कथानकाचा सांगाडा, प्रवेशांचा क्रम आणि गाण्यांच्या जागा ठरलेल्या असत, आणि संवाद कलावंतांनी जागेवरच उभे करायचे असत. सोंगाड्याने अनपेक्षित दिशेने टाकलेला सवाल नायिकेला कथानकाच्या चौकटीत राहून परतवावा लागे, प्रेक्षकांतून आलेल्या शेऱ्याचा समाचार घेऊन पुन्हा प्रसंगाच्या भावात यावे लागे, आणि हे सारे दूरवर मातीत बसलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा फेकीने करावे लागे. राजकन्या, दरोडेखोराची बायको, सावत्र आई, वीरपत्नी अशा भूमिका एका हंगामात आलटून पालटून करणारी ही कलावंत कोणत्याही नाट्यशाळेत न जाता लहानपणापासून पडद्याआडून पाहत, ठेक्यावर टाळ्या देत आणि मोठ्यांच्या मागे उभी राहत घडत असे. या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते, परंतु ते शिस्तबद्ध आणि निर्दय होते.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. त्यांचे आजोबा नारायण खुडे यांनी सुरू केलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी वाढवला, आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने तो महाराष्ट्रभर ओळखला जाऊ लागला. फडाच्या नावात जातीचा उघड उच्चार असणे ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकेल, परंतु त्या काळातील कलाव्यवहार जातीशी किती घट्ट बांधलेला होता याचीच ती साक्ष आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र असून यात्रांच्या हंगामापूर्वी अनेक फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन आपल्या यात्रेसाठी फडाला 'सुपारी' देतात, म्हणजे खेळाचा करार करतात. अशा वातावरणात वाढलेल्या विठाबाईंना शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. गाणे, नाचणे आणि बोलणे या तीन गोष्टी त्यांनी घरातूनच उचलल्या. पुढे त्यांच्या नावावर गर्दी लोटू लागली, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि 'तमाशासम्राज्ञी' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अखेरची वर्षे मात्र आर्थिक विवंचनेत गेलेली होती. त्यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांना दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देते, आणि त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभारून हा वारसा पुढे चालवला.

विठाबाईंचे नाव निघाले की एक हकिगत हमखास सांगितली जाते. प्रयोग चालू असताना त्यांना प्रसूतीच्या कळा आल्या, पडद्यामागे मूल जन्मले, दगडाने नाळ ठेचून तोडली गेली आणि त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, अशी ती हकिगत आहे. ती ऐकणारा थक्क होतो आणि थक्क होणे स्वाभाविक आहे. परंतु कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून तिची पुनरुक्ती होत गेल्यामुळे तिच्यातील खरा प्रश्न विचारायचा राहून गेला. दिवस भरलेल्या स्त्रीला त्या रात्री बोर्डावर उभे का राहावे लागले? सुपारी घेतलेला खेळ मोडला तर गावकऱ्यांचा रोष आणि पैशाचे नुकसान फडाने सोसायचे असते. कलावंतांना हंगामाच्या आरंभी दिलेली 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, खेळ होत राहिले तरच फिटते. आणि ज्या फडाचा गल्ला एका नावावर जमतो त्या फडात त्या नावाला पर्याय नसतो. विजयादशमीच्या सुमारास बाहेर पडून वैशाखापर्यंत गावे पालथी घालणाऱ्या या व्यवसायात बाळंतपणाची रजा, आजारपणाची तरतूद किंवा म्हातारपणाची सोय यांपैकी काहीही नव्हते. ही हकिगत श्रमाच्या इतिहासात ठेवून वाचली तर विठाबाईंविषयीचा आदर कमी होत नाही, उलट त्याला भान येते; कारण एका स्त्रीच्या सहनशक्तीचा गौरव करताना तिला सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडणे हा तिच्यावर होणारा अन्यायच आहे.

तमाशातील स्त्रीविषयीच्या लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह कलेच्या स्वरूपाचा असून नामदेव व्हटकर, रुस्तुम अचलखांब आणि त्यांच्यानंतरच्या अनेक अभ्यासकांनी तमाशाची घडण, त्याची अंगे आणि शाहिरांची परंपरा यांची नोंद केली. या लेखनाने तमाशाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली, तरी त्याचे लक्ष बहुतांशी रचनाकार पुरुषांवर राहिले. दुसरा प्रवाह चरित्रात्म आहे. योगीराज बागूल यांनी विठाबाईंचे आयुष्य शब्दबद्ध केले, किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'ने बारीवर नाचणाऱ्या आईच्या मुलाचे जगणे उघड केले, भूषण कोरगावकर यांनी 'संगीत बारी'तून लावणी कलावंतांचा सहवास नोंदवला आणि संदेश भंडारे यांच्या छायाचित्रांनी पडद्यामागचा तमाशा दाखवला. तिसरा प्रवाह समाजशास्त्रीय व स्त्रीवादी आहे. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांच्या संदर्भात जात आणि लैंगिकता यांचे नाते तपासले, आणि शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर 'अश्लील' हा शिक्का कसा मारला गेला आणि त्याच्याशी झगडत त्यांनी आपले माणूसपण कसे मांडले, याचा सविस्तर इतिहास लिहिला. हे तिन्ही प्रवाह परस्परांना पूरक आहेत, तरी त्यांच्यात एक अंतर उरते. कलेचा अभ्यास करणारे श्रमाकडे पाहत नाहीत, आणि श्रमाचा व शोषणाचा अभ्यास करताना स्त्रीची कला कित्येकदा पार्श्वभूमीला जाते.

हे अंतर बुजवण्याची निकड आज अधिक आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत यात्रा बंद पडल्यामुळे फडांचे हंगाम बुडाले आणि कलावंतांना मोलमजुरीकडे वळावे लागले. त्याच साथीत मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर यांच्यासारखी, स्त्रीभूमिकांइतक्याच समर्थपणे पुरुषभूमिका रंगवणारी ज्येष्ठ कलावंत निघून गेली. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावरील निर्बंधांमुळे रात्रभराचा खेळ आटला, तेव्हा पहिली कात्री वगाला लागली; गण आणि गौळण उरकून चित्रपटगीतांवरील नाच लांबवण्याची पद्धत रूढ झाली. वग आक्रसणे याचा अर्थ तमाशातील स्त्रीची नटी म्हणून असलेली जागा आक्रसणे असा होतो, कारण तिच्या अभिनयाला, वाक्चातुर्याला आणि प्रदीर्घ भूमिकेला वाव देणारे तेच एक अंग होते. दुसरीकडे लावणीचे शहरी महोत्सव, स्पर्धा आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम वाढत असताना त्यांत नाचणाऱ्या अनेकींचा फडाशी संबंध नसतो, आणि फडात आयुष्य घालवलेल्या स्त्रिया मानधनासाठी अर्ज करीत राहतात. ज्या कलेला राज्याची सांस्कृतिक ओळख म्हणून मिरवले जाते तिच्या वाहकांना त्या मिरवण्यात वाटा नसावा, ही स्थिती बदलायची तर त्यांना प्रथम कलावंत म्हणून नीट ओळखावे लागेल.

प्रस्तुत पुस्तकाचा प्रयत्न या ओळखीच्या दिशेने आहे. त्यात विठाबाईंच्या जीवनातील घटना येतात, परंतु त्या दुःखाची मालिका म्हणून मांडलेल्या नाहीत. एका कलावंताने आपली साधने कशी कमावली, कोणत्या परिस्थितीत वापरली आणि त्यांसाठी काय मोजले, या क्रमाने त्यांचा विचार केलेला आहे. फडाच्या हिशेबाला आणि नायिकेच्या पदन्यासाला येथे सारखेच महत्त्व दिले आहे, कारण तमाशात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. पवळाबाईंपासून विठाबाई आणि कांताबाईंपर्यंतच्या पिढ्यांकडे एक सलग नाट्यपरंपरा म्हणून पाहावे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. दंतकथांचे स्वरूप घेतलेल्या हकिगती टाळलेल्या नाहीत, पण त्या कशा घडल्या याबरोबरच त्या का सांगितल्या गेल्या याचाही विचार केलेला आहे. जे प्रयोग कोणी ध्वनिमुद्रित केले नाहीत, ज्या वगांच्या संहिता लिहिल्याच गेल्या नाहीत, त्यांचे पूर्ण चित्र कोणतेही पुस्तक उभे करू शकत नाही, ही मर्यादा स्वीकारूनच हे काम हाती घेतलेले आहे.

मराठी नाट्येतिहासाची पाठ्यपुस्तके पुढे जेव्हा नव्याने लिहिली जातील तेव्हा संगीत रंगभूमीच्या प्रकरणात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या बरोबरीने पवळाबाई हिवरगावकर आणि विठाबाई नारायणगावकर यांची नावे परिशिष्टाऐवजी मुख्य मजकुरात यावीत, त्यांच्या अभिनयाची चर्चा अभिनय म्हणूनच व्हावी आणि आज फडात उभ्या असलेल्या स्त्रियांना त्या चर्चेचा लाभ मानधनाच्या, निवृत्तिवेतनाच्या आणि सन्मानाच्या रूपात मिळावा, एवढी अपेक्षा या पुस्तकामागे आहे. ती पूर्ण करण्याची जबाबदारी जितकी शासनाची आहे तितकीच नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांची, समीक्षकांची आणि लावणीवर मनापासून प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांचीही आहे.